पाय आधी, तोंड नंतर

शेडचं दार उघडायच्या आधी त्या बाईंनी आम्हाला चपला काढायला लावल्या.

“देऊळ हाय का काय?” बाळूमामा माझ्या कानाशी पुटपुटला.

“मामा, ट्रॅक्टरच आहे. पण वास घेऊन बघ ना.”

त्यानं नाक वर केलं. डिझेल, ग्रीस आणि उदबत्ती! तिन्ही एकदम. उदबत्ती कुणी लावली हे विचारायची गरजच नव्हती, कारण अख्ख्या उंबरमेटमध्ये द्वारकाबाईंशिवाय आम्हाला एकच माणूस दिसला होता. एक म्हातारा. वाटेवर जांभळीखाली बसून दोरी वळत होता. मामानं त्याला द्वारकाबाईंचं घर विचारलं तेव्हा त्यानं हात लांब करून दाखवलं. “ट्रॅक्टर बघायला आलोय,” असं मामा पुढं म्हणाला मात्र, त्यानं तो लांब केलेला हात हळूच मागं घेतला, दोरी गुंडाळली आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. भर दुपारी!

चैत्र होता. बाराचं ऊन डोक्यावर आणि वारा पार पडलेला. एरवी अशा डोंगरातल्या गावात निदान कोंबडं तरी ओरडतं, कुत्रं तरी अंगावर येतं. इथं काहीच नाही. मी तशी बडबडी. शाळेत बाई मला ‘आकाशवाणी’ म्हणतात, आणि आता दहावीत तर स्टेजवर माईक हातातून काढून घ्यावा लागतो. पण तिथं माझाही आवाज आपोआप खाली आला होता.

आम्हाला ट्रॅक्टर हवाच होता. मला तर हवाच हवा होता. आमची जमीन तोरणेवाडीला, डोंगराच्या पोटाशी. एकाखाली एक ताली, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. आदल्या वर्षी लम्पीच्या साथीत सोन्या गेला आणि आमची जोडी मोडली. एकट्या हिऱ्यावर पप्पांनी औत कसं धरायचं? खालच्या गावातला मोठा ट्रॅक्टर एकदा बोलावला, तर आमच्या चढाला लागल्यावर त्यानं पुढची चाकं घोड्यासारखी उचलली. ड्रायव्हर जो उतरला तो पुन्हा आलाच नाही. मग पप्पांनी ठरवून टाकलं. पेरणीच्या आत सोय लागली तर बरं, नाहीतर रान पड टाकायचं आणि इचलकरंजीला मावसकाकांकडं मागावर कामाला जायचं. माळ्यावरची बॅगसुद्धा त्यांनी खाली काढून पुसून ठेवली होती. ती बॅग दारामागं दिसली की मी मान वळवायचे.

मी तेव्हा सातवीत होते. पप्पा नसलेलं घर मला डोळ्यांसमोर आणताच येत नव्हतं. सोन्या-हिऱ्याच्या औतामागं, पप्पांच्या पावलावर पाऊल टाकत मी चालायला शिकले, असं आई सांगते. मग मी काय केलं? ट्रॅक्टरच्याच मागं लागले! मोबाइलवर इतके व्हिडिओ बघितले की मामासुद्धा, जो पाटणच्या स्टँडजवळ जुन्या गाड्या विकतो, मला विचारायला लागला. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं: आपल्याला मोठा नको, छोटा हवा. पण छोटा असून चारही चाकं ओढणारा हवा. मागची दोन चाकं ढकलतात आणि पुढची नुसती गुमान फिरतात, असला चढावर काय कामाचा? अंगानं बुटका हवा, म्हणजे कलंडणार नाही. आणि अरुंद हवा, म्हणजे दोन तालींमधल्या वाटेनं जाईल. नवा आमच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून मामानं हा शोधून काढला होता.

“भारी पीस आहे, प्रांजल,” तो म्हणाला होता. “फारसा वापरलेलाच नाही.”

“मग विकतायत का?”

“मालक गेला म्हणे.”

एवढंच. पुढचं त्यानंही विचारलं नव्हतं.

दार करकरलं आणि आत तो दिसला. लाल रंगाचा, छोटासा, पुढची चाकंसुद्धा खोल खाचांच्या नक्षीची. मी धावत गेले, हिऱ्याचा कासरा पिशवीतून काढला आणि एका मागच्या चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत ताणला. आमच्या सगळ्यांत अरुंद वाटेच्या मापाची गाठ मी त्यावर मारून आणली होती. गाठीच्या आत बसला! चांगली वीतभर जागा उरली.

“पप्पा, बसतोय! आपल्या वाटेत बसतोय!”

पप्पा हसले. आई दाराशीच उभी होती, पदर सावरून. ती बाहेरच्या माणसांत फार बोलायची नाही.

मग मला बाकीचं दिसायला लागलं. सीटच्या मागं लोखंडी पाइपची एक कमान उभी होती, उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून असते तशी. पण ही कंपनीची नव्हती. लोहाराकडून करून घेतलेली, जाडजूड, गरजेपेक्षा कितीतरी उंच. अंधाऱ्या शेडमध्ये ती दारासारखी दिसत होती, पलीकडं काहीच नसलेल्या दारासारखी. आणि पुढचा बंपर. तो दबून आत गेला होता, आणि त्याच्यावर माती होती. ओली माती.

“काकी, हा वापरात नाही ना? मग माती कशी?”

द्वारकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. पन्नाशीच्या असतील, उभ्या अंगाच्या, कपाळ मोकळं. पप्पांकडं वळून त्या म्हणाल्या, “चालवणार कोण?”

“मीच की,” पप्पा म्हणाले.

“ह्याच्या आदी काय चालवलंय?”

“औत. समज आल्यापासनं बैलांच्या मागंच हाय मी. आमच्या वाडीत माझ्यासारखं सरळ तास कुणी मारत न्हाई, इचारा कुणालाबी.”

त्या बाईंचा चेहराच उतरला. म्हणजे, आधी थोडीशी आशा होती आणि ती कुणीतरी पुसून घेतली, असा.

“मग न्हाई जमायचं. या तुमी.”

“अहो काकी!” मामा पुढं झाला. “एवढं ऊन डोक्यावर घेऊन आलोय. गिऱ्हाईक कुठं चपला काढून घेतं का ट्रॅक्टर? आम्ही काढल्या! निदान फिरवून तरी बघू द्या.”

त्यांनी आमच्या अनवाणी पायांकडं बघितलं. मग म्हणाल्या, “बघा. पण माझ्या वावरात. आन् मी सांगीन तसं.”

*

शेडच्या वरच्या अंगाला त्यांचं रान होतं. आधी सपाट पट्टी, मग चांगला उभा चढ, आणि चढावरून फिरून खाली आलं की एक लांबट उतार. त्या उताराच्या टोकाला जमीन संपायची. पुढं मोकळं. खाली दुसऱ्या तालीचे दगड. कडेच्या अलीकडं वाळलेला पाचोळा पसरलेला होता, जाड, एका ओळीत. झाड तर जवळपास एकही नव्हतं. मला नवल वाटलं, पण विचारायचं राहून गेलं.

द्वारकाबाईंनी पप्पांना सीटवर बसवलं आणि लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. हा क्लच. हा ब्रेक. हा हाताचा एक्सलेटर. तो त्यांनी स्वतः एका जागी लावून दिला. “पाय काडला तरी ही चालत राहती, ध्यानात ठेवा. बैल न्हाई ही. थांबायचं तर दोनी पाय दाबायचे. म्हणून दाखवा.”

“दोनी पाय दाबायचे,” पप्पा हसत म्हणाले.

“पुन्ना.”

“अवो बाई, दोनी पाय दाबायचे!”

“पाय आदी, तोंड नंतर,” त्या म्हणाल्या. आम्हाला कुणालाच ते कळलं नाही.

सपाटीवर पप्पांनी मस्त चालवला. थांबा म्हटलं की थांबायचे, चला म्हटलं की निघायचे. मग चढ. काय सांगू तुम्हाला! पुढची दोन चाकं मातीत नखं रोवून वर चढायला लागली, जराही मागं सरकणं नाही, उचलणं नाही, बोका पत्र्यावर चढतो तसा तो लाल ठिपका वर वर गेला. मी टाळ्या पिटत ओरडत होते, “बघा, मी म्हटलं नव्हतं! चारही चाकं, मामा, चारही!” त्या क्षणी मला दारामागची बॅग परत माळ्यावर गेलेली दिसत होती.

वरून पप्पांनी वळण घेतलं आणि उताराला लागले.

तेव्हा द्वारकाबाई चालू लागल्या. आमच्याशी एक शब्द न बोलता, सरळ कडेकडं. पाचोळ्याची ओळ ओलांडून त्या पलीकडं गेल्या, कडेला पाठ करून उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि डोळे मिटले.

ट्रॅक्टर त्यांच्याच रोखानं येत होता.

“काकी, बाजूला व्हा!” मी ओरडले.

त्या हलल्या नाहीत.

“अगं ए बाई!” मामा पळत सुटला. आईनं माझा दंड धरला, इतका घट्ट की नखं रुतली.

पप्पांना बाई दिसल्या. मला पप्पांचा चेहरा स्पष्ट दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं.

“होऽऽऽऽ!”

पप्पांच्या तोंडून आलेला तो आवाज पप्पांचा नव्हता. कसं सांगू? पप्पांचा आवाज पातळ आहे, भजनात ते वरच्या पट्टीत गातात. हा जाड होता, घोगरा, खूप म्हातारा. जणू एकाच वेळी पुष्कळ माणसं, एकामागं एक उभी राहून, एकाच तोंडातून ओरडली. आणि त्याच वेळी पप्पांचे दोन्ही पाय वर आले, त्यांनी टाचा पुढच्या पत्र्याला लावल्या, अंग मागं झोकलं आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीकडं ओढलं. अगदी बैल थांबवायला कासरा ओढावा तसं.

ट्रॅक्टर शांतपणे चालतच राहिला.

“होऽऽ! होऽ रं!”

मग पुढची चाकं पाचोळ्यात शिरली आणि एकदम खाली गेली. दणका बसला, इंजिनानं एक हिसका देऊन मान टाकली. पाचोळ्याखाली चर होती. चांगली गुडघ्याएवढी, मुद्दाम खणलेली. बंपर चरीच्या पलीकडच्या काठात रुतला होता, आणि त्या काठावर, हातभर अंतरावर, द्वारकाबाई उभ्या होत्या. त्यांनी डोळे उघडले.

*

मामानं पप्पांना खाली उतरवलं. लागलं काही नव्हतं, पण पप्पा सारखे मागं वळून कमानीकडं बघत होते.

“माणूस मेला असता की!” मामा त्या बाईंवर धावून गेला. “डोकं फिरलंय का तुमचं? खड्डा करून वर पाला घालून ठेवता?”

“मारायचा असता तर चर कशाला खणली असती?” त्या म्हणाल्या. आवाज न चढवता.

पप्पांनी हात वर करून मामाला थांबवलं. “बाळू, गप. आदी मला सांगा, हाळी कुणी दिली?”

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

“कुठली हाळी?” आई म्हणाली.

“माझ्या मागनं. कानाशी. कोणतरी ‘हो’ म्हणून वरडलं. चांगलं दोनदा.”

“पप्पा,” मी म्हणाले, “तुम्हीच ओरडलात.”

“मी? न्हाई गं. मी तोंडसुदिक उघडलं न्हाई.”

पप्पा खोटं बोलत नव्हते. ते खोटं बोलताना खाली बघतात. ते आमच्याकडं बघत होते, एकेकाकडं, कुणीतरी ‘मीच ओरडलो’ म्हणेल म्हणून.

द्वारकाबाई मटकन चरीच्या काठावर बसल्या.

“सगळे असंच म्हणत्यात,” त्या म्हणाल्या. “तुमच्या आदी किती आले, आज सकाळीबी एक येऊन गेला. कुणी पैलवान, कुणी बागाईतदार, सगळे जल्माचे औतकरी. सपाटीवर झ्याक चालवत्यात. मी आडवी आली की वरडत्यात. आन् मग मला इचारत्यात, मागनं कोण वरडलं म्हणून.”

“आणि तुमचे मालक?” आईनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली.

“ते हितनंच गेले. तवा चर नव्हती, कमानबी नव्हती.” त्यांनी कडेकडं बघितलं नाही. “बैलं इकून म्हैनासुदिक झाला नव्हता. मी दारात शेंगा फोडत व्हते. आवाज आला, ‘होऽऽ’. मला वाटलं, बैलंच माघारी आली का काय! मान वर करून बगते तर ते मागं रेललेले, पाय वर, हातातलं चाक छातीशी. सांजपतूर जीव व्हता त्यांच्यात. मी म्हटलं, अवो, वरडलात कशाला, पाय का न्हाई दाबला? तर म्हणले, द्वारके, मी कुटं वरडलो? माझ्या मागनं कोणतरी वरडलं. मला वाटलं, थांबंल आता.”

खालून कुठूनतरी एकदाच होला पक्षी घुमला आणि गप्प झाला.

“आज्यापंज्यापासनं ज्या तोंडांनी बैलं थांबवली, त्यांची हाळी हाय ती,” त्या म्हणाल्या. “बैलं गेली. हाळी कुटं जाणार? ती बसती येऊन औतकऱ्याच्या मागं. लेक म्हणतो, भंगारात घाल ते धूड, पुण्याला ये. भंगारात का घालू? हिचा काय दोष? हिला तर हाळी समजतच न्हाई.”

“मग तुम्ही कुणाला विकणार?” मी विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा ती बॅग आली होती.

द्वारकाबाई माझ्याकडं बघत होत्या असं मला वाटलं. पण त्या माझ्या मागं बघत होत्या. आईकडं.

“ताई, तुमी कदी रुमण्याला हात लावलाय?”

रुमणं म्हणजे नांगराची मूठ. आई दचकलीच. “न्हाई वो. आमच्यात बायका धरत न्हाईत. बाईनं औत धरलं तर पाऊस रुसतो.”

“आमच्यातबी न्हाई,” द्वारकाबाई म्हणाल्या. “म्हणून तर मी हिला शेडात ने-आण करती आन् अजून जित्ती हाय. या, बसा.”

“असं कसं?” पप्पा ताडकन म्हणाले. “घरात मी असताना तिनं औत धरायचं? वाडी तोंडात श्याण घालंल माझ्या. बाई, तुमचं ठेवा तुमच्यापाशी. मी जातो इचलकरंजीला.”

ते खरंच चालायला लागले. मी त्यांच्या शर्टाला धरलं, पण ते थांबेनात. त्यांना थांबवलं ते आईनं. ती मोठ्यानं काही बोलली नाही. ती ट्रॅक्टरवर चढली.

“अहो,” ती वरून म्हणाली, “मागाच्या खडखडाटात बसून तुम्ही काय भजन म्हणणार हायसा का? मला बघू तरी द्या.”

मामा आणि द्वारकाबाईंनी मिळून, फळ्या टाकून, ट्रॅक्टर चरीतून मागं काढला. आईला सपाटीवर शिकायला किती वेळ लागला म्हणून सांगू! गिअर टाकताना करकर, क्लच सोडताना बेडकासारख्या उड्या. मामा पोट धरून हसला, “ताई, ट्रॅक्टर हाय तो, खिमट न्हाई घोटायचं!” मीसुद्धा हसले. पप्पा लांब, पाठ करून बसले होते. पण हळूहळू जमलं. चढही जमला. आणि मग आई वळून उताराला लागली तेव्हा द्वारकाबाई पुन्हा चर ओलांडून पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. पदर, डोळे, सगळं तसंच.

आता पप्पांची पाठ वळली. मामाचं हसू गेलं.

आई खाली आली. जवळ आली. तिचे ओठ मिटलेले होते, इतके की पांढरे पडले होते. चरीच्या चांगलं अलीकडं तिचे दोन्ही पाय खाली गेले, आणि ट्रॅक्टर उभा राहिला. नुसता उभा राहिला. कुणीही ओरडलं नाही.

द्वारकाबाईंनी डोळे उघडले आणि मग त्या जे रडायला लागल्या! चर ओलांडून आल्या, बॉनेटला मिठी मारली, आईच्या पायावर कपाळ टेकवलं. आई बिचारी क्लचवरचा पाय काढावा की नको, या घोरात.

“न्या हिला,” त्या म्हणाल्या. “पन एक वचन पायजे. दादा, हिकडं या. हिच्यावर हात ठेवा. ह्या सीटवर तुमी बसायचं न्हाई. कदी. घाईत न्हाई, गमतीत न्हाई, ताई आजारी असली तरी न्हाई.”

पप्पा उभे राहिले. त्यांच्या सरळ तासाची, नांगराच्या सरळ रेघेची, गोष्ट आमच्या पाहुण्यांत सगळीकडं सांगतात. लग्नं ठरवताना सांगतात. ते बंपरजवळ आले. ती ओली माती त्यांनी बोटानं पुसली. मग विचारलं, “बाई, खरंच मीच वरडलो?”

“व्हय दादा.”

त्यांनी लाल पत्र्यावर हात ठेवला.

*

बॅग माळ्यावर गेली. रोहिणीत, धूळवाफेच्या, म्हणजे पावसाआधीच्या कोरड्या पेरणीआधी, आई पहिल्यांदा आमच्या रानात उतरली. वाडी सगळी बांधावर! बायका पदरात तोंड घालून हसत होत्या, म्हातारे आता पाऊस रुसणार म्हणून बोटं मोडत होते. आई कुणाकडं बघतच नव्हती. पुढची चाकं आमच्या तालींवर अशी चढत होती की न हसणाऱ्या थोड्यांतले शेजारचे तानाजीबापू मला हळूच म्हणाले, “पोरी, ह्यो बेस निवडलास.”

माझी कॉलर ताठ! निवडला कुणी? मी! मी सगळ्यांना सांगत सुटले होते, चार चाकं म्हणजे काय, बुटका का घ्यायचा, आणि अजून थोडी उंच झाले की मीसुद्धा चालवणार. पप्पा खालच्या बांधावर बसले होते. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून त्याचा बोळा तोंडात कोंबला होता. लोकांना वाटलं, धुळीमुळं. मला माहीत होतं. लहानपणी औतामागं जायचे तशी मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले, त्यांना एकटं वाटू नये म्हणून.

शेवटचं तास कडेचं होतं. आमच्या खालच्या तालीची कड द्वारकाबाईंच्या कडेएवढी उंच नाही, पण माणूस मरायला पुरेशी आहे. आई उतरत आमच्या बाजूला आली. जवळ. आणखी जवळ. मला वाटलं, आता दाबेल. आता दाबेल.

“होऽऽऽऽ!”

तोच आवाज. जाड, घोगरा, खूप म्हातारा. अगदी माझ्या कानामागं. मी गर्रकन वळले. मागं कुणी नव्हतं. उकरलेली माती आणि ऊन.

समोर ट्रॅक्टर उभा होता. आईचे पाय दाबलेले होते, कड अजून चांगली दहा-बारा फूट लांब होती. तिला हाळीची गरजच पडली नव्हती. पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी पप्पांकडं बघितलं. टॉवेल त्यांच्या तोंडात तसाच होता.

त्यांनी तो हळूहळू बाहेर काढला. बांधावरचं हसणं कधी थांबलं होतं कोण जाणे. बायका, म्हातारे, तानाजीबापू, सगळे माझ्याकडं बघत होते. माझ्या मागं नाही. माझ्याकडं.

“प्रांजल,” पप्पा अगदी हळू म्हणाले, “तू कशाला वरडलीस, बाळा?”

“मी?” मी म्हणाले. “मी नाही ओरडले, पप्पा. मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही. माझ्या मागून कुणीतरी...”

पप्पांनी झटकन आपला हात माझ्या तोंडावर दाबून धरला.